आधी त्याला बर्फावर उभं राहू द्या

ताई, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले. साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. मुलगा नववीत आहे, शिक्षणासाठी नाशिकला माझ्या बहिणीकडे कॉलेज रोडला राहतो. सहा वर्षांपासून स्केटिंग करतो, तीन वर्षांपासून इनलाइन हॉकी, म्हणजे चाकांच्या स्केट्सवरची हॉकी. राज्य स्पर्धेत दोनदा खेळला. मोबाइलवर एनएचएलचे, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या आइस हॉकी लीगचे, सामने बघून आता त्याने ठरवलंय, की आइस हॉकीचा प्रोफेशनल खेळाडू व्हायचं. गावी आला की पॅकहाऊसमधल्या, द्राक्षं थंड करायच्या प्रीकूलिंगच्या खोलीत हाफ पँटवर दहा-दहा मिनिटं उभा राहतो, थंडीची सवय व्हावी म्हणून. नाशिकमधल्या एका कन्सल्टन्सीने कॅनडातल्या हॉकी अकॅडमीत प्रवेश करून देतो असं सांगितलंय. पहिल्या वर्षाचे बत्तीस लाख. ‘चार वर्षांत प्रो कॉन्ट्रॅक्ट नक्की’ असं तोंडी म्हणतात. महिनाअखेरपर्यंत दोन लाख भरले नाहीत तर सीट जाईल म्हणे. त्यांच्या पत्रकात भारतीय वंशाच्या खेळाडूंचे फोटो आहेत, ते बघून याचे वडील बागेवर कर्ज काढायला तयार झालेत. मी नको म्हटलं तर पोरगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या स्वप्नाच्या आड येतेय का?
— एक आई

ताई, नाही. तुम्ही आड येत नाही आहात.

महिनाअखेर जवळ आहे, म्हणून कामाचं आधी सांगते. ते दोन लाख भरू नका. सातबाऱ्यावर बोजा चढवू नका. आणि मुलाला ‘हे खूळ सोड’ असंही म्हणू नका. या तिन्ही गोष्टी एकदमच पाळायच्या आहेत. त्याच्या वडिलांनाही हे वाचून दाखवा, कारण त्यांचं पोरावरचं प्रेम मला तुमच्या पत्रात दिसतंय. बाग म्हणजे काय, हे ठाऊक असलेला माणूस ती गहाण टाकायला तयार होतो, तेव्हा त्याच्याशी भांडून उपयोग नसतो. त्याच्यापुढे खरी माहिती ठेवावी लागते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सहा वर्षं स्केटिंग, तीन वर्षं इनलाइन हॉकी, दोन राज्य स्पर्धा, सगळं आहे. मुलगा बर्फावर कधी उभा राहिला, हे मात्र कुठेच नाही. बहुतेक राहिलेलाच नाही. नाशिकच्या मुलाने राहावं तरी कुठे?

मी सत्तावीस वर्षं क्रीडाशिक्षिका होते. काही वर्षांपूर्वी स्केटिंगच्या आमच्या चार मुलांना घेऊन गुरुग्रामच्या एका मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर गेले होते. त्यातला एक चाकांवर जिल्ह्यात कुणाला पुढे जाऊ देत नसे. त्याने भाड्याचे आइस स्केट्स चढवले, पहिले चार-पाच पाय झकास टाकले, मी टाळ्या वाजवल्या. मग कोपरा आला. चाकांच्या सवयीने त्याने थांबायला मागचा पाय आडवा ओढला, पात्याची कड बर्फात रुतली आणि तो छातीने कठड्यावर आदळला. उठला, हातमोज्यावरचा बर्फाचा कीस झटकला, माझ्याकडे न बघता परत मधोमध गेला. पुढचा पाऊण तास त्याने एकच गोष्ट केली. दोन पाय टाकायचे आणि थांबायचं, दोन पाय आणि थांबायचं. बारा-पंधरा वेळा तरी पडला असेल. शेवटी एकदा दोन्ही पाती एकदम आडवी झाली, किसणीतून खोबरं पडावं तसा बर्फाचा कीस उडाला आणि तो जागच्या जागी थांबला. मगच त्याने मान वर करून मला शोधलं.

दुसरा मुलगा चाकांवर याच्याइतकाच तयार होता. तो वीस मिनिटांत बाहेर आला आणि बुटांच्या नाड्या सोडून बाकावर बसला. त्याला ते आवडलंच नाही. त्यात त्याचं काहीही चुकलं नव्हतं.

ताई, तुमचा मुलगा या दोघांपैकी कोण आहे, हे आज ना तुम्हाला माहीत आहे, ना त्याच्या वडिलांना, ना त्याला स्वतःला. बत्तीस लाख भरण्याआधी ते कळायला हवं. आणि ते कळायला बत्तीस लाख लागत नाहीत.

चाकं आणि पातं यांत फरक किती, ते थोडक्यात सांगते. आइस स्केटच्या पात्याला तळाशी खोलगट खाच असते, त्यामुळे त्याला दोन कडा मिळतात, आतली आणि बाहेरची. वळणं, थांबणं, उलटं धावणं हा सगळा खेळ त्या दोन कडांवर चालतो. इनलाइन हॉकीत गोलरक्षक सोडून चार जण खेळतात आणि अंगावर धडक मारायला बंदी असते. आइस हॉकीत पाच जण असतात आणि पुरुषांच्या खेळात धडक हा खेळाचाच भाग आहे. पक म्हणजे एक इंच जाड, तीन इंच व्यासाची कडक रबराची चकती. वजन दीडशे ग्रॅमच्या वर, आणि ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने अंगावर येऊ शकते. चाकांवर शिकलेलं मात्र वाया जात नाही. स्टिक हाताळणं, पास कुठे जाईल ते आधी ओळखणं, गुडघे वाकवून खाली बसून धावणं, हे सगळं बर्फावर कामाला येतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर खुंट तयार आहे, डॉगरिजचा खुंट चांगला रुजलाय. त्यावर थॉमसन द्राक्षाचं कलम अजून झालेलं नाही. आणि कलम व्हायच्या आधीच कुणीतरी तुमच्याकडे एक्स्पोर्टच्या मालाचा भाव ठरवायला आलंय.

आता ज्या धंद्यात त्याला उतरायचंय, तो आतून कसा आहे ते बघू.

कॅनडात पोरं चौथ्या-पाचव्या वर्षी बर्फावर उतरतात. पंधराव्या वर्षापर्यंत त्यांच्या पायांखालून दहा हिवाळे गेलेले असतात. पश्चिम कॅनडाची ज्युनियर लीग त्याच वयाची मुलं निवडून आपल्या संघांच्या यादीत टाकते. सोळा ते वीस या वयात तिथल्या तीन मोठ्या ज्युनियर लीगमध्ये खेळायचं, आणि अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे. ३२ संघ, सात फेऱ्या, म्हणजे अख्ख्या जगातून वर्षाला २२४ मुलं. स्वीडन, फिनलंड, रशिया, अमेरिका, झेकिया, सगळीकडची. निवड झालेल्यांपैकीही कितीतरी जणांना एनएचएलचा एकसुद्धा सामना मिळत नाही. ज्युनियर लीगमध्ये परदेशी मुलांसाठी प्रत्येक संघात मोजक्या जागा असतात, आणि त्या आपल्या देशात आधीच नाव कमावलेल्या मुलांना जातात.

पैशाचंही बघू, कारण पत्रकात तोच आकडा मोठ्या अक्षरात असणार. २०२५-२६ च्या मोसमात एनएचएलमधला किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता. खरा आहे आकडा. पण तो वरच्या मजल्यावरचा. त्याच्या खाली एएचएल ही दुसऱ्या पायरीची लीग, तिच्या खाली ईसीएचएल. ईसीएचएलमध्ये आठवड्याला काहीशे डॉलर आणि राहायला क्लबची खोली, तेही मोसम असेपर्यंत. रात्रभर बसने प्रवास, सकाळी सराव, संध्याकाळी सामना. एनएचएलमध्ये साखळीतच प्रत्येक संघ ऐंशीहून जास्त सामने खेळतो. खेळाडू बर्फावर उतरतो तो पाऊण मिनिटासाठी, जीव तोडून धावतो, कठड्यावरून आत येतो, दम घेतो आणि पुन्हा उतरतो. तुमच्या मुलाला हेही सांगा, की खेळताना थंडी वाजत नाही. घामाने जर्सी पिळावी लागते.

पत्रकातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंबद्दल. ते खेळाडू खरे आहेत, आणि मला त्यांचा मनापासून अभिमान आहे. रॉबिन बावा १९८९-९० मध्ये एनएचएलमध्ये उतरला, भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. त्याचे एकूण सामने ६१. जुझार खैरा २०१२ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडला गेला. अर्शदीप बैन्सला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. तरी तो २०२१-२२ मध्ये आपल्या ज्युनियर लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला आणि व्हँकुव्हरच्या संघाने त्याला करारबद्ध केलं. किती जिद्दीची गोष्ट आहे! पण हे तिघंही ब्रिटिश कोलंबियात वाढलेले आहेत. घरापासून गाडीने थोड्या अंतरावर रिंक, आणि लहानपणापासून बर्फ. पत्रकात फोटो छापताना ही ओळ गाळली जाते.

मॅनी मल्होत्राचंही सांगते, कारण खेळाडूचं आयुष्य काय असतं ते त्याच्याकडे बघून कळतं. वडील भारतीय, जन्म कॅनडातला. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला, एनएचएलमध्ये ९९१ सामने खेळला. मार्च २०११ मध्ये एका सामन्यात पक त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या, बरीचशी दृष्टी गेली. तीन महिन्यांत तो स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेत पुन्हा बर्फावर होता. पुढे तो प्रशिक्षक झाला, आणि २०२५ मध्ये त्याच्या हाताखालच्या ॲबट्सफर्डच्या संघाने एएचएलचं विजेतेपद, काल्डर कप, जिंकला. बैन्स त्याच संघात होता. आई म्हणून तुम्ही या गोष्टीतल्या डोळ्याकडे बघाल. मुलगा कपाकडे बघेल. ती दोघांनी एकत्र बसून वाचा.

आता ती कन्सल्टन्सी. पैसे घेऊन शाळा आणि हॉकी दोन्ही शिकवणाऱ्या अकॅडम्या कॅनडात खरोखर आहेत, त्यात लबाडी नाही. लबाडी आहे ती ‘नक्की’ या शब्दात. चार वर्षांनी करार देईन असं वचन कुठलीही अकॅडमी देऊ शकत नाही, कारण करार क्लब देतो. एक खूण लक्षात ठेवा. तिथल्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये खेळाडूच्या आईबापाकडून फी घेत नाहीत. क्लब त्याचा खर्च करतो, गावातल्या एखाद्या कुटुंबात त्याची राहायची सोय करतो. जिथे तुम्ही पैसे भरता तिथे तुम्ही शिक्षण विकत घेता. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याला शिक्षण म्हणावं. आणि शिक्षणासाठी चार वर्षांत एक कोटी अठ्ठावीस लाख मोजायचे का, हा प्रश्न सरळ डोळ्यासमोर ठेवावा.

त्यांच्या ऑफिसात जाऊन तीन गोष्टी कागदावर मागा. अकॅडमीचा संघ कुठल्या लीगमध्ये खेळतो, बर्फावर कधीच न उतरलेल्या मुलाला तिथे नेमका कुठल्या संघात घेणार, आणि मुलगा सहा महिन्यांत परत आला तर किती पैसे परत मिळणार. अल्पवयीन मुलासाठी तिथे साधारणपणे कस्टोडियन म्हणून एक जबाबदार माणूस दाखवावा लागतो, तो कोण असेल हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाला तोंडी उत्तर मिळालं तर उठून या. माझ्या ओळखीतल्या एका घराने अशाच घाईत दीड लाखाचा ॲडव्हान्स भरला होता, दुसऱ्या खेळासाठी. मुलगा गेलाच नाही आणि पैसे अजून परत आलेले नाहीत. त्या माउलीची अवस्था मी पाहिली आहे.

मग पोराने करायचं काय? ताई, इथे मला खूप बोलायचंय, कारण आपल्याच देशात या खेळाचा एक खरा रस्ता आहे आणि नाशिकमध्ये तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

भारतात आइस हॉकीवर पोट भरेल अशी व्यावसायिक लीग नाही, हे आधी मान्य करू. पण खेळ आहे, आणि जोरात आहे. तो लडाखमध्ये आहे. लेहला करझू नावाचं तळं हिवाळ्यात गोठतं आणि पोरं त्यावर खेळतात. गावोगावी रात्री पाणी सोडून थर गोठवतात, पुन्हा पाणी, पुन्हा थर, आणि सकाळी मैदान तयार. बर्फ टिकतो दोन-अडीच महिने. आता लेहच्या एनडीएस स्टेडियममध्ये यंत्राने बर्फ गोठवणारा रिंकही आहे. डेहराडूनला २०११ मध्ये बांधलेला बंदिस्त रिंक वर्षानुवर्षं बंद पडून होता, तो २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य १९८९ पासून आहे. पुरुषांचा संघ २००९ मध्ये अबुधाबीला पहिल्यांदा ‘चॅलेंज कप ऑफ एशिया’ स्पर्धेत उतरला. मुलींचा संघ २०१६ मध्ये उभा राहिला, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असं हरवून पहिला विजय मिळवला, आणि २०२५ मध्ये अमिरातीतल्या अल ऐनच्या आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं. अवघ्या नऊ वर्षांत!

आणि नोकरी? सैन्याचे आणि आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, संघ राष्ट्रीय स्पर्धांत खेळतात, आणि लडाखच्या कितीतरी खेळाडूंच्या अंगावर आज तोच गणवेश आहे. आपल्या जिल्ह्याला हा रस्ता नवा नाही. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. पाण्याच्या टंचाईचं गाव. सैन्यात भरती झाल्यावर त्याच्या हातात पहिल्यांदा वल्हं आलं. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंग करत होता आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याला सुवर्ण मिळालं. तो विशीत खेळ शिकला हे खरं, पण त्याला शिकवायला कुणी बाग गहाण टाकली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं. मुलगा आत्ता नववीत आहे, म्हणजे येणारा हिवाळा मोकळा. पुढच्या वर्षी दहावी, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तो हिवाळा बर्फासाठी नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्याला चार-पाच दिवस गुरुग्राम किंवा डेहराडूनला नेऊन रोज बर्फावर उतरवा. रिंक त्या दिवसांत सुरू आहे ना, ते आधी फोन करून विचारा. ऑक्टोबर छाटणीमुळे वडिलांना बाग सोडता येणार नाही, मामा किंवा मावशी जाऊ दे. तिथे तो टिकला, तर जानेवारीत लेहला तीन आठवडे. आइस हॉकीच्या राज्य संघटनेकडे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आत्ताच जाऊन विचारा, की शिबिर कुठे आहे, निवड चाचणी कधी आहे, आणि या खेळाला दहावीचे सवलतीचे क्रीडा गुण मिळतात का. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमध्ये आइस हॉकी आहे, आणि लडाखबाहेरच्या राज्यांचे संघ बहुतेक चाकांवरून आलेल्या मुलांचेच असतात. तुमच्या मुलासाठी खरं दार ते आहे. हा सगळा खर्च, त्याचे स्वतःचे स्केट्स धरूनही, त्या दोन लाखांच्या ॲडव्हान्सच्या आत बसावा.

लेहहून परत आल्यावरही त्याच्या डोळ्यांत हेच असेल, तर बारावीनंतर परदेशी शिक्षणाचा विचार पुन्हा करू. तेव्हा तो अठरा वर्षांचा असेल, हातात राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र असेल, आणि काय मागायचं ते त्याला स्वतःला कळत असेल. एनएचएल तेव्हाही दूरच असेल, हे मी गोड करून सांगणार नाही. पण त्याच्या आयुष्यात आइस हॉकी असेल. खेळाडू म्हणून, पंच म्हणून, कदाचित प्रशिक्षक म्हणून. त्यातलं काय, ते त्यालाच ठरवू दे.

यापुढचं त्याला वाचायला द्या.

बाळा, तुझी आई तुझ्या विरोधात नाही. चार दिवस अबोला धरलास, तो आज सोड. प्रीकूलिंगच्या खोलीत उभं राहणं बंद कर, त्याने स्नायू आखडतात आणि कामाचं काही होत नाही. त्याऐवजी रोज सकाळी एका पायावर बैठका मार, डाव्या पायावर वीस, उजव्यावर वीस, गुडघा आत न वळवता. घरामागच्या शेडमध्ये एक गुळगुळीत प्लायवूडचा तुकडा ठेव आणि त्यावर लाकडी गोळा घेऊन स्टिकने अर्धा तास खेळ, मान वर ठेवून, खाली न बघता. चाकांवर उलटं धावायला शीक, तुझ्या वयाची मुलं ते टाळतात. गणिताचा पेपर बुडवू नकोस.

बर्फावर पहिल्या दिवशी गोल मारायचा प्रयत्न करू नकोस. फक्त थांबायला शीक, दोन्ही बाजूंनी. पडशील तेव्हा मुठी मिटून ठेव, बोटांवरून कुणाचं तरी पातं जाऊ नये म्हणून. आणि लेहला उतरलास की लगेच रिंककडे पळू नकोस. ते गाव साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पहिले दोन दिवस भरपूर पाणी प्यायचं, झोपायचं, हळू चालायचं. स्केट्स तोवर बॅगेतच राहू देत.